आधी एका ओळीवर बघा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्यानंतर थेट जेवण आहे, हे मला माहीत आहे. आमटीचा वास इथपर्यंत येतोय. त्यामुळे वेळेत संपवण्याची जबाबदारी माझी.

संयोजकांनी विषय दिला, 'रोजच्या जगण्यातून नवा धंदा'. हा विषय मलाच का, हे मी विचारलं. उत्तर मिळालं, "तू आयुष्यभर लोकांच्या धंद्यांना कर्ज दिलंस, तुला कळत असेल." मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली. त्यातली एकोणीस वर्षं लहान उद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर गेली. धंदा मी स्वतः केला नाही. पण चाललेले आणि बंद पडलेले धंदे इतक्या जवळून पाहिले, की त्याबद्दल चार शब्द बोलायला हरकत नाही.

विषयाची तयारी म्हणून मी आपल्या बॅचच्या ग्रुपवरचे वर्षभराचे मेसेज मागे जाऊन वाचले. अकरा जणांनी नव्या धंद्याची कल्पना टाकली होती. बेदाण्याचे लाडू, गुळाचा चहा, घरपोच भाकरी, ज्येष्ठांना दवाखान्यात नेऊन आणण्याची सोय, असं बरंच काही. प्रत्येक कल्पनेखाली अंगठे, टाळ्या, 'एक नंबर', 'पुढे हो, आम्ही आहोत'. आणि 'कितीला देणार?' किंवा 'मला उद्या दोन हवेत' असं किती जणांनी लिहिलं? अकरा कल्पना मिळून, दोघांनी.

हे मी चेष्टेनं सांगत नाही. आपण सगळे आता एक्कावन्न-बावन्नचे आहोत. कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, कुणाची कंपनी चाकणहून दुसऱ्या राज्यात गेली, कुणाचा मुलगा इंजिनिअर होऊन म्हणतोय की नोकरी करायची नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात आली आहे किंवा येणार आहे. पंचविशीत बुडालेले पैसे माणूस पुन्हा कमावतो. बावन्नाव्या वर्षी बुडालेली ग्रॅच्युइटी पुन्हा मिळत नाही. ती गेली की मुलीच्या लग्नाचं, आईच्या औषधाचं आणि घरातल्या शांततेचंही गणित बिघडतं. म्हणून कल्पना सुचल्यापासून पैसा घालेपर्यंतच्या मधल्या काळाबद्दलच मी बोलणार आहे. ग्रुपवर त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

कल्पना येतात कुठून, हे आधी थोडक्यात सांगते. इथून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी ती रेल्वेतून पाहिली आहे. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो कारखाना वसवला. पण त्याआधी बेळगावात त्यांचं सायकलीचं दुकान होतं, आणि तिथंच त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना सांगायला नको. अख्खी पेंडी टाकली की जनावर पाला खातं आणि धाटं तुडवतं. ती वाया जाऊ नयेत म्हणून बाया-माणसं कोयत्यानं कुट्टी करत बसायची. म्हणजे त्रास रोज दिसत होता, आणि तो कमी करायला लोक आधीपासूनच वेळ आणि श्रम घालत होते. यंत्रानं तेच काम लवकर केलं.

नंतर त्याच माणसानं लोखंडी नांगर केला, आणि तो खपेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. माणूस तोच, हुशारी तीच, वस्तू दोन्ही कामाच्या. मला यातला फरक असा दिसतो, की कुट्टीचा फायदा गोठ्यात उभं राहून त्याच क्षणी दिसतो. नांगराचा फायदा दिसायला हंगाम जावा लागतो, आणि तोवर नुसता विश्वास ठेवावा लागतो. नांगरही पुढे खपला आणि घराघरांत पोचला. पण मधली दोन वर्षं तग धरण्याची ताकद लागली. आपल्या कल्पनेला किती दिवस तग धरावा लागेल, हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा.

तेव्हा पहिली खूण ही. तुम्हाला दिसलेल्या अडचणीसाठी लोक आज काय करतात ते बघा. कोयता घेऊन कुट्टी करत असतील, शेजारणीला पैसे देऊन भाकऱ्या करून घेत असतील, सांगलीहून कुणाला तरी वस्तू आणायला सांगत असतील, तर तिथं जागा आहे. लोक नुसतं 'काय हा त्रास' म्हणून पुढे जात असतील, तर बहुधा तो त्रास त्यांना परवडतो आहे.

आता तपासणीकडे येते.

बँकेत कर्जासाठी येणारा माणूस हातात काय घेऊन येतो, सांगू? मशीनचं कोटेशन. द्रोण-पत्रावळीचं मशीन तर मी इतक्या वेळा पाहिलं, की त्याचं रंगीत पत्रक मला पाठ आहे. तासाला किती पत्रावळ्या निघतात, ते त्यात ठळक छापलेलं असतं. मी विचारायची, "आणि तुमच्या गावात महिन्याला किती लागतात? आज त्या कोण पुरवतो? तो कितीला देतो?" समोरचा माणूस पत्रक उलटून मागच्या बाजूला उत्तर शोधायचा. बऱ्याच जणांनी तो धंदा निवडलेला असायचा तो सबसिडीमुळे. पीएमईजीपीसारख्या योजनेत प्रकल्पाच्या पंधरा ते पस्तीस टक्के रक्कम अनुदान म्हणून मिळू शकते. सरकारची मदत जरूर घ्या. पण अनुदान मशीनला मिळतं, गिऱ्हाइकाला मिळत नाही. उरलेली रक्कम हप्त्यानं तुम्हालाच फेडायची असते.

याच टेबलावर एकदा एक बाई आल्या. भाकरीचा धंदा होता, चाळीस हजार हवे होते. कोटेशन नव्हतं. एक वही होती. आठ महिन्यांचा हिशोब, एकतीस घरांची नावं, कोण रोज घेतं, कोण फक्त उपासाच्या दुसऱ्या दिवशी घेतं, आणि उधारीसाठी वेगळं पान. कोण सोडून गेलं आणि का, तेही लिहिलेलं. "बाळंतपणासाठी माहेरी गेली, परत घेईल", "जाड होते म्हणाल्या". त्यांचं कर्ज मंजूर करायला मला फार वेळ लागला नाही, कारण तपासणी त्यांनी आधीच केली होती.

आपल्या भागातल्या बागायतदाराला हे नव्यानं शिकवावं लागत नाही. 'तास-ए-गणेश' या द्राक्षाच्या नावातच आपलं तासगाव आहे. थॉमसन सीडलेसच्या वेलींतून निवड करून आपल्याच तालुक्यात ही जात पुढे आली. नवी काडी आली म्हणून कुणी शहाणा माणूस चार एकरांत खुंट तोडून कलम करत नाही. नवं औषध आलं म्हणून सगळ्या बागेवर मारत नाही. आधी एका ओळीवर बघतो. घड कसा येतो, मणी किती फुगतो, पाऊस झाला तर काय होतं, ते डोळ्यांनी पाहतो, मग पुढची ओळ. पण तोच माणूस धंदा म्हटला की गाळा भाड्यानं घेतो, फर्निचर करतो, पाटी रंगवतो, आमदारांच्या हस्ते नारळ फोडतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. नारळ फुटला की माघार घ्यायची लाज वाटते. तीन महिन्यांत कळलेली गोष्ट मान्य करायला तीन वर्षं जातात, आणि त्या तीन वर्षांचं भाडं खिशातून जातं. आपल्या गावात पैसे बुडण्याचं मोठं कारण मला हेच दिसलं. चाचणीच्या आधी मुहूर्त होतो.

लिज्जत पापडाची सुरुवात आठवा. १५ मार्च १९५९, मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका आणि उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. चारच पाकिटं! ती परत आली असती तरी नुकसान किती झालं असतं? पुढे पावसाळा आला, पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. धंद्यातली ही खोट पहिल्याच वर्षी, छोट्या आकारात असतानाच कळली. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाटेवर पापड ठेवले आणि खाली शेगडी पेटवली. पापड पावसाळ्यातही वाळले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. आज हा आकडा लहान वाटतो, पण ऐंशी रुपयांच्या मानानं तो भरपूर बोलका होता. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात गच्चीवर चार पाकिटांपासून झाली होती.

आता सगळ्यात अवघड भाग. कल्पना चांगली आहे की नाही, हे विचारायचं कुणाला? आपण घरच्यांना आणि मित्रांना विचारतो, आणि ते 'छान' म्हणतात. त्यात खोटेपणा नसतो, प्रेम असतं. पण त्या 'छान'वर कर्ज काढता येत नाही.

अरुणाचलम मुरुगनंतम यांची गोष्ट पुष्कळांना सिनेमामुळे माहीत असेल. कोइमतूरकडचा हा माणूस. १९९८ मध्ये बायको पाळीसाठी जुन्या चिंध्या वापरते हे पाहून तो स्वस्त सॅनिटरी पॅड बनवायला लागला. सिनेमात आपण त्याची जिद्द पाहतो. मला त्यातली तपासणीची अडचण महत्त्वाची वाटते. घरातल्या बायका बोलेनात. मग त्यानं वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींना पॅड दिले आणि सोबत प्रश्नांचे फॉर्म दिले. एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की दोन-तीन मुलीच बसून सगळ्यांचे फॉर्म भरताहेत! कागदावरची उत्तरं व्यवस्थित होती, पण खरी नव्हती. मग त्यानं फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचं रक्त भरून स्वतःवरच प्रयोग केला. त्यासाठी गावाची बोलणी खाल्ली. कंपन्यांच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडापासून काढलेला सेल्युलोज असतो, हे कळायलाही त्याला दोनेक वर्षं लागली. विचारून मिळालेलं उत्तर आणि वापरातून मिळालेलं उत्तर यात किती अंतर असतं, ते यावरून दिसतं.

दुसरं उदाहरण परदेशातलं, पण वस्तू आपल्या सगळ्यांच्या टेबलावरची. पिवळ्या चिकट चिठ्ठ्या. अमेरिकेत थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञानं १९६८ मध्ये असा डिंक शोधला, जो हलकाच चिकटतो आणि सहज सुटतो. त्याचं काय करायचं ते कित्येक वर्षं कुणाला सुचेना. त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गायचा. गाण्याच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेले कागदाचे कपटे सारखे गळून पडायचे. त्या वैतागातून त्याला हा डिंक आठवला. १९७७ मध्ये कंपनीनं चार शहरांत या चिठ्ठ्या विकायला ठेवल्या, आणि त्या पडून राहिल्या. वस्तू चांगली नाही असाच अर्थ कुणीही काढला असता. पण पुढच्या वर्षी आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात त्यांनी त्या ऑफिसांमध्ये फुकट वाटल्या. वापरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, आम्ही विकत घेऊ. १९८० पासून त्या अमेरिकाभर विकल्या जाऊ लागल्या. म्हणजे चाचणी नापास झाली तर एकदा हेही बघावं, की नापास वस्तू झाली की आपली विचारण्याची रीत.

मग विचारायचं कसं? माझा अनुभव असा. पुढचं विचारू नका, मागचं विचारा. "मी घरपोच भाकरी सुरू केली तर घ्याल का?" याला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारा, "गेल्या आठवड्यात किती दिवस घरी भाकरी झाली? नाही झाली त्या दिवशी काय खाल्लंत? बाहेरून आणली असेल तर कितीला पडली? आणायला कोण गेलं?" याची उत्तरं माणूस बनवून सांगत नाही, कारण ते घडून गेलेलं असतं. आपली कल्पना शेवटपर्यंत सांगूच नका. ती सांगितली की समोरचा माणूस तुमचं मन सांभाळायला लागतो.

आपल्या विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. त्यांनी आपल्याला प्रयोगवहीची रीत घालून दिली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. वही तपासताना बाई एकच प्रश्न विचारायच्या, "हे तू पाहिलंस, की गाइडमधून उतरवलंस?" बाई, कर्जाच्या फायली तपासताना मी एकोणीस वर्षं तुमचाच प्रश्न विचारत होते. आज त्याच पद्धतीनं एक प्रयोग करून बघू.

समजा, आपल्यातल्या एकीला सुचलं, की नोकरी करणाऱ्या बायकांना भाजी निवडायला वेळ नसतो, तर निवडलेली मेथी घरपोच द्यावी. उद्देश असा, की तीस रुपयांचं पाकीट ओळखीबाहेरची वीस घरं चार आठवडे घेतात का ते बघायचं. साहित्य म्हणजे रोजच्या मेथीच्या जुड्या, पिशव्या आणि एक वही. फ्रिज नवा नको, गाळा नको, पाटी नको.

कृती चार आठवड्यांची. पहिल्या आठवड्यात समजा वीसही घरांनी घेतलं. हा आकडा आनंदाचा असला तरी फारसा कामाचा नाही, कारण पहिल्यांदा लोक उत्सुकतेनं आणि भिडेनं घेतात. दुसऱ्या आठवड्यात चौदा, तिसऱ्यात नऊ, चौथ्यात नऊ. आता हा नऊ मोलाचा. ही नऊ घरं कोणती? समजा सगळीकडे दोघं नोकरी करतात आणि घरात सासूबाई नाहीत. मग आपल्या गावात अशी घरं किती आहेत, हा खरा प्रश्न समोर येतो. गळालेल्या अकरा घरांनाही जाऊन विचारायचं, वाद न घालता.

आता पैशाचं निरीक्षण. जुडी पंधरा रुपये, पिशवी दोन, पोचवायला चार, आणि खराब होऊन वाया जाणाऱ्या भाजीचे पाकिटामागे तीन. झाले चोवीस. तीस रुपयांतून उरले सहा. जुडी निवडायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे तासाला चार पाकिटं. तासाला चोवीस रुपये सुटले! आपल्याच भागात द्राक्षबागेत मजुरीला गेलं तरी याहून जास्त मिळतात. आपण घरच्या बाईचे श्रम हिशोबात धरतच नाही, म्हणून असे धंदे कागदावर नफ्यात दिसतात आणि करणारी वर्षभरात थकून जाते. स्वतःची मजुरी हिशोबात लिहा. हे मी पुरुषांनाही सांगते आहे.

मग अनुमान काय? मेथी या भावात परवडत नाही. पण प्रयोग वाया गेला का? त्या नऊ घरांपैकी सहा घरांनी समजा आपणहून विचारलं, "सोललेला लसूण मिळेल का? शेंगदाण्याचं कूट मिळेल का?" हे न विचारता मिळालेलं उत्तर आहे. कूट दोन दिवसांत खराब होत नाही, पोचवायला रोज जावं लागत नाही. तर पुढची ओळ कुटाची. हा सगळा शोध दोन-तीन हजारांत आणि एका महिन्यात लागला. मिक्सरच्या जागी ग्राइंडर घेण्याची वेळ त्यानंतर.

मशीनच्या बाबतीतही हेच. मशीन घेण्याआधी ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडून जॉबवर्क करून घ्या. नफा कमी होईल, पण माल खपतो का ते कळेल. अमेरिकेत १९९९ मध्ये निक स्विनमर्न या तरुणाला चपला-बूट इंटरनेटवर विकायचे होते. लोक पायात न घालता बूट घेतील का, हीच शंका होती. त्यानं माल भरला नाही. गावातल्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, ते वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्या दुकानातून बूट विकत घेऊन पाठवला. त्यात सुटायचं काहीच नाही, पण शंकेचं उत्तर मिळालं. पुढे ती झॅपॉस नावाची मोठी कंपनी झाली.

काही गोष्टी एका ओळीवर बघता येत नाहीत, हेही खरं. फ्रँचायझी घेतली तर ठेव एकदम भरावी लागते. पण त्याआधी तसंच चालू असलेलं दुकान आपल्याएवढ्या दुसऱ्या गावात शोधा आणि त्याच्या समोर दोन दिवस उभे राहा. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा. किती लोक आत गेले, किती जण हातात पिशवी घेऊन बाहेर आले, ते मोजा. कंपनीच्या माणसानं दाखवलेल्या तक्त्यापेक्षा तुमची ती मोजणी जास्त खरी. दहा लाख भरणाऱ्या माणसाला दोन दिवस उन्हात उभं राहणं जड जाऊ नये. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी, दुकान असेल तर गुमास्ता, हेही वेळेत करा. चाचणी लहान असली तरी लोकांच्या पोटाशी खेळ नको.

आणि एक गोष्ट सुरू करण्याआधीच लिहून ठेवा. किती पैसे आणि किती दिवस. 'साठ हजार आणि सहा महिने, तोवर दुसऱ्यांदा घेणारी पन्नास घरं झाली नाहीत तर थांबायचं.' हे कागदावर लिहून नवऱ्याला किंवा बायकोला वाचायला द्या. त्यांची सही घ्या. हसू नका. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून आपण त्यांची सही घेतोच, आणि तेव्हा पुष्कळदा त्यांना आकडासुद्धा सांगितलेला नसतो. मी अशा सह्या होताना पाहिल्या आहेत. त्या बायांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता आपल्या बॅचकडे मागणं. आपल्यातल्या कुणी नवी कल्पना मांडली, तर कृपा करून नुसता अंगठा टाकू नका. हवी असेल तर किंमत विचारा आणि ऑर्डर द्या. नको असेल तर 'मला लागणार नाही, कारण...' असं एक वाक्य लिहा. ते वाक्य लिहायला जीव जड होतो, पण एखाद्याची ग्रॅच्युइटी त्यानं वाचू शकते. आणि ज्याची कल्पना आहे त्यानं आपल्या ग्रुपवरच्या ऑर्डरी पहिल्या तीन महिन्यांत हिशोबात धरू नयेत. आपण एकमेकांवरच्या मायेनं घेऊ. तुम्हाला नावानं न ओळखणाऱ्या माणसानं पैसे देऊन दुसऱ्यांदा मागितलं, की ती पहिली खरी विक्री.

एखाद्याचा प्रयोग फसला तर त्याबद्दल ग्रुपवर चेष्टा होऊ नये, एवढंही सांगते. तीन हजारांत 'हे चालत नाही' असं कळलं, तर त्या माणसानं तीन लाख वाचवले आहेत. त्याला चहा पाजा.

मी, आणि आपल्यातले अजून तिघं, एक जण सीए, एक जण अडत्या, एक जण पस्तीस वर्षं किराणा दुकान चालवणारा, असं ठरवलं आहे, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या ग्रंथालयात बसायचं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, त्यांचे आभार. ज्याला काही सुरू करायचं आहे त्यानं प्रयोगवहीसारखं एक पान लिहून आणावं. मुलांनाही पाठवा. आम्ही पैसे देणार नाही आणि सल्ल्याची फीही घेणार नाही. फक्त बाईंचा तो प्रश्न विचारू.

सर, बाई, तुम्ही आम्हाला गणित, विज्ञान, व्याकरण शिकवलंत. ते बाजारात इतकं उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. तुम्हा सर्वांना मनापासून नमस्कार. पानं वाढलेली आहेत, चला.